अग्नी, मणी आणि रक्तातील रेणू

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराला लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये ‘रेणूचा रोग’ म्हटले, आणि पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो दोष हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या आम्लाशी नेऊन भिडवला: तेथे ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन असते. इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे विद्युतभारानुसार प्रथिने वेगळी करण्याची रीत, शिकणाऱ्याला हा फरक डोळ्यांनी दिसतो. धुतलेल्या तांबड्या पेशी फोडून मिळालेला लाल द्रव पट्टीवर टेकवून वीजप्रवाह सोडला, की नेहमीचे ‘ए’ हिमोग्लोबिन धन टोकाकडे पुढे सरकते आणि ऋणभार कमी असलेले ‘एस’ मागे रेंगाळते. मात्र अल्कधर्मी द्रावणात ‘डी’ हिमोग्लोबिनही ‘एस’च्याच जागी थांबते. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे तर्कपंडित, अशा हेतूला (अनुमानाच्या खुणेला) सव्यभिचारी, म्हणजे साध्य (सिद्ध करायची गोष्ट) नसतानाही आढळणारा, म्हणतील. म्हणूनच आम्लधर्मी द्रावणात पुन्हा चाचणी केल्यावाचून निदान लिहायचे नाही, हे प्रशिक्षणात आधी अंगवळणी पाडले जाते.

परंतु पट्टीवरील ‘एस’चा पट्टा बरोबर ओळखला म्हणजे रोगाचे कारण हाती आले काय? सदोष जनुक जन्मापासून असूनही तान्ह्या बाळाला पहिले काही महिने सहसा त्रास होत नाही, कारण गर्भावस्थेतील ‘एफ’ हिमोग्लोबिन ‘एस’चे रेणू एकमेकांना जोडले जाऊ देत नाही. हायड्रॉक्सियुरिया हे औषध मुख्यतः हेच ‘एफ’ वाढवते. ब्रिटनने २०२३ मध्ये मान्यता दिलेली कॅसजेवी ही जनुक-संपादन उपचारपद्धतीही ‘एफ’ला दाबून ठेवणाऱ्या बीसीएल११ए जनुकाचे काम रक्ताच्या मूळपेशींत मंदावते, सिकलसेलच्या जनुकाला हात लावत नाही. कारण जागच्या जागी राहते आणि कार्य मात्र ओसरते.

कारण असूनही कार्य न घडण्याचे हे कोडे भारतीय दर्शनांत जुने आहे. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळत नाही, या दृष्टांतावरून मीमांसादर्शनाच्या पंडितांनी अग्नीहून वेगळी ‘शक्ती’ मानली, तर नैयायिकांनी प्रतिबंधकाचा अभाव हाही कारणसामग्रीचाच भाग ठरवला. हा वाद एरवी शब्दांचा कीस वाटतो. येथे मात्र नैयायिकांचे पारडे जड दिसते, कारण ‘एफ’चा अभाव हा ‘एस’च्या बरोबरीने रोगाच्या कारणांत मोजावा लागतो. विदर्भात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळतात. तेथील अहवालावर ‘एसएस’ (दोन्ही जनुके ‘एस’ची) ही अक्षरे पाहताच थबकणाऱ्या विद्यार्थ्याची नजर शेजारच्या ‘एफ’च्या टक्केवारीकडेही वळवावी लागते.