तुझ्याकडे ‘ते’ नाही?

जॅझवाल्यांमध्ये एक प्रश्न हमखास येतो : “काय सांगतोस, तो अल्बम नाही तुझ्याकडे?” त्या ‘नाही’ची लाज नेमकी कशाची? माझ्याकडे माइल्स डेव्हिसचा १९५९ चा ‘काइंड ऑफ ब्लू’ आहे, त्यामुळे निम्म्या चौकशीतून मी सुटतो. कोल्ट्रेनचा ‘अ लव्ह सुप्रीम’ नाही. तिथं अडकतो.

गंमत म्हणजे जॅझचा स्वतःचा संग्रहही भोकाभोकांचाच आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये ज्याच्या कॉर्नेटच्या दंतकथा झाल्या, त्या बडी बोल्डनचं एकही ध्वनिमुद्रण आज हाती नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेनं मोबदल्याच्या वादातून रेकॉर्डिंग बंद केलं. बड्या कंपन्यांशी तडजोड व्हायला १९४४ चा नोव्हेंबर उजाडला. नेमक्या त्याच काळात हार्लेममधल्या मिंटन्ससारख्या क्लबांत रात्र-रात्र बीबॉप घडत होता. त्यातलं बरंचसं तिथं बसलेल्यांनी ऐकलं आणि संपलं. ते कुणाच्याच कपाटात नाही, म्हणून त्याची कुणाला लाजही नाही.

पण मेरी लू विल्यम्सचं काय? थेलोनियस मंक, बड पॉवेल हिच्या घरी जमायचे, हिचा सल्ला घ्यायचे. हिचा १९४५ चा ‘झोडियाक सूट’ रीतसर मुद्रित झालेला आहे, फोनवर शोधला की सापडतो. म्हणजे बोल्डनची सबब इथं चालत नाही. तरी ही नसल्याबद्दल कुणी कुणाला टोमणा मारत नाही. मी तो सूट घेतला तेव्हाही एकानं विचारलं नाही, “अरे, इतके दिवस नव्हता?”