सुटलेले जनावर आणि शेजाऱ्याचा हक्क

पवित्र कुरआनच्या सूरह अल-अंबियामध्ये (आयत ७८ व ७९) दोन प्रेषितांपुढे आलेल्या एका फिर्यादीचा उल्लेख आहे. ती फिर्याद राज्याची नव्हती, खुनाचीही नव्हती. रात्री काही लोकांच्या मेंढ्या दुसऱ्याच्या शेतात शिरल्या आणि त्यांनी पीक खाऊन टाकले, एवढीच ती होती. न्यायासनावर माननीय दाऊद (अलै.) होते, राजाही तेच आणि प्रेषितही तेच. त्यांचा निवाडा ऐकून पुत्र सुलैमान (अलै.) यांनी वेगळा निवाडा सुचविला, आणि त्या प्रकरणाची नेमकी उमज आपण सुलैमानला दिली, असे अल्लाह सांगतो. त्याचबरोबर निर्णयशक्ती आणि ज्ञान दोघांनाही दिले होते, हेही तो सांगतो.

बंधू-भगिनींनो, ज्या ग्रंथात आकाश व पृथ्वीची निर्मिती, कयामत आणि हिशेबाचा दिवस यांची चर्चा आहे, त्यात मेंढ्यांनी चरलेल्या पिकालाही जागा मिळाली. आपण मात्र ‘मुके जनावर आहे, त्याला काय कळते’ असे म्हणून हा विषय झटकून टाकतो. जनावराला कळत नाही हे खरेच आहे. म्हणूनच प्रश्न त्याच्या मालकाला विचारला जातो.

भाष्यकारांनी दोन्ही निवाड्यांचा तपशील दिला आहे. दाऊद (अलै.) यांनी नुकसानीच्या बदल्यात मेंढ्या शेतकऱ्याला देवविल्या. सुलैमान (अलै.) यांचे म्हणणे असे की, मेंढ्या तात्पुरत्या शेतकऱ्याकडे राहाव्यात, त्याने त्यांचे दूध, लोकर आणि पिले यांचा लाभ घ्यावा. शेत मेंढीवाल्याच्या ताब्यात जावे. त्याने ते कसावे, राखावे आणि पूर्वस्थितीला आणावे. पीक पहिल्यासारखे उभे राहिले की ज्याचे त्याला परत. पहिल्या निवाड्यात भरपाई पूर्ण होती, परंतु एक कुटुंब कळपाला कायमचे मुकत होते. दुसऱ्यात भरपाई झाली आणि कळपही वाचला. शिवाय ज्याच्या निष्काळजीपणाने पीक गेले, त्यालाच ते स्वतःच्या हातांनी वाढवावे लागले. मला तर या निवाड्यातील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. पैसे मोजून मोकळे होणाऱ्याला दुसऱ्याच्या घामाची किंमत कळतेच असे नाही.

असाच प्रसंग मदीनेतही घडला. माननीय बरा बिन आजिब (रजि.) यांची सांडणी एका बागेत शिरली आणि तिने नासधूस केली. अल्लाहचे प्रेषित (स.) यांनी निर्णय दिला की, दिवसा बागेची राखण बागवाल्याने करावी, रात्री जनावराची राखण जनावरवाल्याने करावी, रात्री जनावराने जे नुकसान केले ते त्याच्या मालकाकडे लागेल. मुवत्ता इमाम मालिक आणि सुनन अबू दाऊदमध्ये ही हदीस आहे.

दुसरीकडे बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून असे कथन आले आहे की, मुक्या जनावराने केलेल्या इजेची भरपाई नाही. भांडणात जनावरवाला बहुधा एवढीच एक हदीस पुढे करतो आणि तिच्या आड उभा राहतो. फकीहांनी मात्र दोन्ही हदीसी समोर ठेवून विचार केला आहे. इमाम मालिक, इमाम शाफई आणि इमाम अहमद (रह.) यांच्या मते रात्रीच्या नुकसानीची भरपाई मालकावर आहे. आपल्या भागातील बहुसंख्य लोक ज्या हनफी मसलकचे आहेत, त्यात मालकाचा काही हात नसताना जनावर आपणहून सुटले आणि त्याने नुकसान केले, तर दिवस असो वा रात्र, भरपाई येत नाही. पण ‘मालकाचा हात नसताना’ ही अट लक्षात घ्यावी. मालक जनावर हाकीत असेल, ओढीत असेल किंवा त्यानेच ते पिकाकडे सोडले असेल, तर सूट संपली. इमाम तहावी (रह.) यांनी तर राखण्याजोगता माणूस सोबत न देता जनावर सोडणाऱ्याला जबाबदार धरले आहे.

उस्मानी सल्तनतीत १८६९ ते १८७६ या काळात हनफी फिक्हच्या आधारे ‘मजल्ला’ नावाची कायदेसंहिता तयार झाली. तिचे कलम ९२९ आपल्या प्रत्येक मोहल्ल्यात वाचून दाखवावे असे आहे. जनावराने आपणहून केलेल्या नुकसानीची भरपाई नाही, हा मूळ नियम सांगून ते पुढे म्हणते की, आपले जनावर दुसऱ्याचा माल खात आहे हे पाहूनही मालकाने त्याला आवरले नाही, तर भरपाई त्याच्यावर. तसेच मारका बैल किंवा चावरा कुत्रा असेल, ‘तुझे जनावर बांध’ असे गावातल्या वा मोहल्ल्यातल्या कोणी मालकाला बजावले असेल आणि तरीही त्याने ते मोकळे ठेवले, तरीही भरपाई त्याच्यावर. हंबली फकीहांनी तर शेजाऱ्यांची पिले खाण्याची सवय लागलेल्या मांजरीच्या मालकालाही यातून सोडलेले नाही.

आता आपल्या जिंतूर तालुक्याकडे पाहू. कापूस, तूर, ज्वारी, हरभरा ही इथली पिके. गावकुसाला लागूनच शेती आहे आणि शेतीला लागूनच शेळ्यांची घरे आहेत. पीक उभे असेपर्यंत जनावर दाव्याला किंवा गुराख्याच्या नजरेत असावे आणि सुगी झाल्यावर रान मोकळे व्हावे, ही मराठवाड्याची जुनी वहिवाट. दिवस आणि रात्रीचा नियम मदीनेच्या रिवाजावर आधारलेला होता, रिवाज वेगळा असेल तर जबाबदारीही त्याप्रमाणे फिरते, असे शाफई फकीहांनी लिहिले आहे. म्हणून हरभरा घाट्यावर असताना भरदिवसा शेळ्या सोडून देणाऱ्याने ‘दिवसाची राखण शेतवाल्याची’ असे म्हणणे मला तरी मान्य होण्यासारखे वाटत नाही.

देशाचा कायदाही याच दिशेने जातो. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाच्या कायद्यात शेळ्या-मेंढ्यासुद्धा ‘गुरे’ या शब्दात मोडतात; पिकाचे नुकसान करणारे जनावर शेतकरी धरू शकतो आणि चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पाठवावे लागते. कोंडवाड्याचा दंड भरून जनावर सोडवून आणले की हिशेब मिटला, असा पुष्कळांचा समज आहे. तो दंड शेतकऱ्याच्या पदरात पडत नाही. भरपाईसाठी वेगळा दावा करण्याचा त्याचा हक्क त्याच कायद्याने राखून ठेवला आहे, आणि अल्लाहच्या दरबारात तर तो राखलेला आहेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम २९१ माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला कारण होऊ शकेल असे जनावर निष्काळजीपणे बाळगण्याविषयी आहे. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गल्लीत मुलांच्या अंगावर धावणारा कुत्रा मोकळा ठेवणाऱ्याने हे कलम ठाऊक करून घ्यावे.

ज्याचे नुकसान झाले त्यालाही मर्यादा आहेत. शेळीचा पाय मोडणे, कोंबड्यांना विषारी दाणे टाकणे, कुत्र्याला औषध घालणे ही भरपाई नव्हे. संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे जनावर मारणे, विष घालणे किंवा जायबंदी करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एका स्त्रीने मांजरीला कोंडून ठेवले, खायला दिले नाही आणि तिला स्वतः शोधून खाता यावे म्हणून सोडलेही नाही, त्यापायी ती नरकात गेली, हे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. जनावर बांधून ठेवणाऱ्या मालकालाही ही हदीस लागू पडते: दावे बांधायचे तर चारा-पाणीही आपणच द्यायचे. चारा विकत घेणे परवडत नाही म्हणून शेळी मोकळी सोडणे म्हणजे तिचा खर्च शेजाऱ्याच्या खिशातून करणे होय.

हा शेजारी कोणत्या धर्माचा आहे, याने हक्कात फरक पडत नाही. माननीय अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पोहोचला का, हे त्यांनी विचारून घेतले होते. आपल्याकडे शेजाऱ्याची बकरी बांधावर दिसली की दोन घरांतले भांडण पाहता पाहता दोन समाजांचे होते, आणि मग मूळ हरभऱ्याची चौकशी कोणी करीत नाही. अशा वेळी बकरीवाल्यानेच सर्वांत आधी शेतात जाऊन, दोन जाणत्या माणसांसमोर नुकसान पाहून घ्यावे व भरपाई ठरवावी. गावातील तंटामुक्ती समितीची मदत घेण्यातही कमीपणा नाही. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी सुरक्षित नाही त्याच्या ईमानाविषयी प्रेषितांनी (स.) शपथेवर काय म्हटले आहे, ते आपण सर्व जण जाणतो.

ईद-उल-अज्हापूर्वी कित्येक घरांत बोकड पाळला जातो. लहान मुले त्याला फिरवतात, दोर हातातून सुटतो आणि बोकड कोणाच्या तरी भाजीच्या वाफ्यात जातो. मुलांना रागवून विषय संपवू नये. त्याच मुलाला सोबत घेऊन त्या घरी जावे, त्याच्यासमोर माफी मागावी आणि भरपाई विचारावी. समोरच्याने ‘राहू द्या’ म्हटले तर ती त्याची मेहेरबानी. आपण विचारलेच नाही तर ते आपल्यावरचे देणे राहते. हे देणे हुकूकुल-इबादमध्ये मोडते, आणि हक्कदाराने माफ केल्याशिवाय ते तौबानेही उतरत नाही.

काहींच्या मनात वर्षांपूर्वीचे एखादे असे नुकसान असेल. नेमकी रक्कम आठवत नसेल तर अंदाजाने ठरवावी आणि अंदाज शेजाऱ्याच्या बाजूने थोडा जास्त धरावा. तो शेजारी हयात नसेल तर ती रक्कम त्याच्या वारसांची आहे. त्यांना गाठून द्यावी. पुष्कळ शोध करूनही वारस सापडले नाहीत, तर त्याच्या वतीने ती गरजूंना सदका करावी, आणि पुढे कोणी हक्कदार समोर आलाच तर त्याला ती पुन्हा देण्याची तयारी ठेवावी.