मूकपटातील मौन आणि प्रेक्षकाचा शब्द

१९२५ साली बाबूराव पेंटर यांनी कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी ‘सावकारी पाश’ हा मूकपट दिग्दर्शित केला. ना. ह. आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात व्ही. शांताराम तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत होते. चित्रपट आज उपलब्ध नाही. त्यातील एक दृश्य मात्र समीक्षेच्या स्मृतीत टिकून आहे: अंधारलेली झोपडी आणि विव्हळणारे कुत्रे. हे विव्हळणे ऐकले कोणी? पडद्याने तर ते उच्चारलेच नव्हते.

मूकनाट्याविषयी आजच्या प्रेक्षकाला वाटणारी ओढ केवळ गतकातरतेने उलगडत नाही, ती यामुळेच. वोल्फगांग इझर यांनी संहितेतील रिक्त जागांचा विचार कथात्म साहित्याच्या संदर्भात केला. मूकपटात ती रिक्तता पात्राच्या ओठांवरच असते. ओठ हलतात, शब्द प्रेक्षकाचा असतो. मधल्या पाट्यांवर मजकूर येतो खरा, परंतु तो फार थोडे बोलतो, आणि निरक्षरांना तोही दुसऱ्या कोणी वाचून दाखवावा लागे.

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाण्याच्या अहिराणीभाषक प्रेक्षकासमोर जमीन गमावणारा शेतकरी मूकपणे उभा राहिला, तर त्याच्या तोंडी ‘मनी जमीन’ हे शब्द घालण्यास कोणताच अडसर नसतो. १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’पासून मराठी चित्रपट बोलू लागला, तोही बहुतांशी प्रमाणभाषेत. खानदेशचा प्रेक्षक प्रेक्षागृहात राहिला. पात्राच्या मुखातून त्याची बोली हद्दपार झाली. पेंटरांनीच १९३६ साली ‘सावकारी पाश’ बोलपट म्हणून पुन्हा निर्माण केला, तेव्हा शेतकऱ्याला आवाज लाभला आणि त्याचबरोबर त्याची भाषा कायमची ठरून गेली.

मात्र या स्वातंत्र्याची दुसरी बाजू अस्वस्थ करणारी आहे. दुसऱ्याच्या मौनात आपले शब्द भरणे ही सहानुभूती, की अतिक्रमण? सावकारी व्यवहारातही निरक्षर ऋणकोचा केवळ अंगठा असतो, मजकूर दुसऱ्याचाच. फरक असलाच तर इतका, की पडद्यावरचा चेहरा प्रेक्षकाचा मजकूर नाकारू शकतो. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) बऱ्याच अंशी उपलब्ध असल्याने हे पडताळून पाहता येते. आरंभीच लहानग्या मंदाकिनी फाळकेचा चेहरा एकामागून एक भाव दाखवतो. प्रेक्षकाने एका भावाला नाव द्यावे, तोवर चेहरा बदललेला असतो. ‘सावकारी पाश’मधील शेतकऱ्याला ही सोय उरलेली नाही. त्याच्याविषयी जे जे लिहिले जाते, या लेखासह, त्याला आता तो हरकत घेऊ शकत नाही.