लक्ष कुठाय तुझं?

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि जिना उतरताना तो प्रत्येक पायरीकडे बघतो. एकदा आम्ही खाली येत असताना दिवे गेले, तर तो मधल्याच पायरीवर बसून राहिला. घाबरला नव्हता. "मामा, पाय दिसत नाहीयेत," एवढंच म्हणाला. मला हसू आलं. पाय असायला हवेत, दिसायला कशाला?

आपले हातपाय कुठे आहेत हे डोळे मिटूनही कळतं, त्या जाणिवेला चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०६ साली 'प्रोप्रिओसेप्शन' असं नाव दिलं. स्नायूंच्या आत चातीच्या आकाराचे सूक्ष्म संवेदक असतात. स्नायू किती ताणला गेला आणि किती वेगाने, ते मेंदूला कळवत राहतात. कंडरांमधले संवेदक ओढ किती पडली ते सांगतात. मराठीत 'स्थितिसंवेदना' म्हणता येईल, पण मला आपला 'अंगवळणी' हा शब्द जवळचा वाटतो. काम अंगवळणी पडलं की ते अंग बघून घेतं, मन मोकळं होतं.

हे सगळं एकदम गेलं तर काय होतं, ते इयन वॉटरमन या ब्रिटिश माणसाने भोगलं. १९७१ साली, एकोणीस वर्षांचा असताना, एका आजारानंतर मानेखालची स्पर्शाची आणि स्थितीची जाणीव गेली. स्नायूंत ताकद होती, पण अंग कुठे आहे याचा पत्ताच नव्हता. तो पुन्हा चालायला शिकला तो नजरेच्या जोरावर, एकेका हालचालीचा आधी विचार करून. अंधार झाला की तो कोसळे.

भाच्याचं तसं नाही. त्याचं निदान 'डेव्हलपमेंटल कोऑर्डिनेशन डिसऑर्डर' असं आहे. शंभरातल्या पाच-सहा मुलांना ही अडचण असते. तिच्यामागे नेमकं काय, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. डोळे झाकून हाताची जागा ओळखण्याच्या काही चाचण्यांत ही मुलं मागे पडतात, काहींत पडत नाहीत. काही जण म्हणतात, निरोप पोचतो, पण पुढच्या क्षणी हात कुठे असेल याचा मेंदूचा अंदाज चुकतो. मला हे पटतं. झेल घेताना त्याचे हात मिटतात खरे, पण चेंडू छातीवर आपटून गेल्यावर.

आपल्याकडे अशा मुलासाठी शब्दांची कमी नाही. वेंधळा, धांदरट, धसमुसळा. गंमत बघा, यातला एकही शब्द शरीराबद्दल नाही, सगळे स्वभावाबद्दल आहेत. आणि पाणी सांडलं की ठरलेला प्रश्न: "लक्ष कुठाय तुझं?"

लक्ष तर तिथेच असतं! एक दिवस मी त्याला तांब्यातून पेल्यात पाणी ओतताना नीट पाहिलं. जीभ दातांत, खांदे वर चढलेले, नजर तांब्याच्या काठावर. माझं एवढं लक्ष चेकवर सही करतानाही नसतं. आपण पाणी ओततो ते लक्ष न देता, बोलता बोलता, म्हणून ते सांडत नाही. आपल्याला जे फुकट मिळतं त्याचे त्याला दर वेळी पैसे मोजावे लागतात, आणि मग गणिताच्या तासाला खिसा रिकामा. बाई म्हणतात, मूल दमतं लवकर.

त्याच्या वहीचं पान उलटून पाठीमागून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात, इतकी पेन्सिल दाबलेली. कदाचित दाबल्याशिवाय हाताला पेन्सिलची खबरच लागत नसावी. आम्ही मात्र "हलक्या हाताने लिही" असं दोन वर्षं सांगत होतो.

नुसत्या जाणिवेचा सराव देऊन हालचाली सुधारतील, अशी आशा १९८०च्या दशकात होती. पुढे इतरांना तसा फायदा दिसला नाही. आता भर आहे तो प्रत्यक्ष काम शिकवण्यावर. कॅनडातल्या हेलेन पोलाटायको यांच्या पद्धतीत मूल स्वतः काम निवडतं, युक्ती ठरवतं, करून बघतं, तपासतं. थोडक्यात, लक्ष कुठे द्यायचं ते मूलच शोधतं.

भाच्याने शर्टाची बटणं निवडली. चार दिवस खटपट करून त्याने ठरवलं, खालून सुरुवात करायची, कारण तिथली काजं दिसतात. आता पाच बटणं तो स्वतः लावतो. गळ्याचं दिसत नाही. ते आई लावते, हनुवटी वर करून तो थांबतो.