अपराध पोटात घालताना

कुणाची क्षमा मागायची असली की मराठी माणूस म्हणतो, ‘माझा अपराध पोटात घाला.’ हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो, पण त्यांच्यातली ताकद कळली ती बायबलमधल्या एका हिब्रू शब्दाची ओळख झाल्यावर. देवाच्या दयेला हिब्रूत ‘रहामीम’ म्हणतात, आणि या शब्दाचे नाते ‘रेहेम’ या शब्दाशी आहे. रेहेम म्हणजे गर्भाशय. एकमेकींची ओळखदेख नसलेल्या दोन भाषांनी क्षमेला शरीरात एकच घर दिले. मूल जिथे वाढते तिथेच अपराधही सामावून घ्यायचा. कॅथलिक माणसाच्या श्रद्धेबद्दल मला जे सांगायचे आहे ते याच घरापाशी सुरू होते.

वसईतल्या आमच्या चर्चमध्ये मी पहिले पापनिवेदन केले तेव्हा नऊ वर्षांचा होतो. गोव्यातले ख्रिस्ती कोकणीत याला कुमसार म्हणतात. आदल्या रात्री आजीने माझ्याकडून बोटांवर पापे मोजून घेतली. खोटे बोललो, शेजारच्या चिंचा पाडल्या, मिस्सा चालू असताना कुजबुजलो. जाळीपलीकडून फादरांनी सगळे ऐकून घेतले, पापक्षमेचे शब्द उच्चारले आणि प्रायश्चित्त म्हणून प्रभूची प्रार्थना एकदा म्हणायला सांगितली. एवढेच! मला वाटले, फादरांचा हिशेब चुकला. चिंचांसाठी निदान पाच प्रार्थना तरी हव्या होत्या.

देव म्हणजे वही उघडून बसलेला दुकानदार, उधारी चुकती केल्याशिवाय तो नाव खोडत नाही, ही समजूत त्यानंतर कित्येक वर्षे माझ्या मनात ठाण मांडून होती. मी नेमाने चर्चला जायचो, प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी मांस खायचो नाही, जपमाळेचे मणी ओढायचो. त्या सगळ्यात भक्ती थोडी आणि हप्ते फेडणे जास्त होते.

लूकच्या शुभवर्तमानातला उधळ्या मुलगा बहुतेकांना ठाऊक असतो. वाटणी घेऊन तो घर सोडतो, सगळे उधळतो, डुकरे राखण्याची पाळी येते तेव्हा त्याला बापाची आठवण होते. परतीच्या वाटेवर तो बापापुढे म्हणायचे बोलणे मनाशी जुळवतो. मी पाप केले आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायला मी लायक नाही, मला तुमच्या एका मजुरासारखे ठेवा. पण मुलगा अजून दूर असतानाच बापाला तो दिसतो, बापाचा जीव कळवळतो, तो धावत जाऊन त्याच्या गळ्यात पडतो. मग मुलगा ठरवलेले बोलू लागतो. मजकूर नीट वाचला तर एक गोष्ट लक्षात येते. मजुरासारखे ठेवण्याचे वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही. बाप त्याआधीच नोकरांना उत्तम झगा आणायला सांगतो. मुलाने फेडीची अट तयार ठेवली होती, बापाने ती ऐकूनच घेतली नाही.

म्हणजे पश्चात्ताप पूर्ण झाला म्हणून दया आली नाही. दया वाटेवर उभी होती, म्हणून पश्चात्तापाला घरापर्यंत पोहोचता आले. कॅथलिक धर्मशिकवण पश्चात्ताप, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त या तिन्हींचा आग्रह धरते, आणि ते योग्यच आहे. पण पश्चात्ताप करण्याची बुद्धी हीसुद्धा देवाची देणगीच, असेही तीच शिकवण सांगते. नऊ वर्षांच्या मुलाला वाटले होते तसा फादरांचा हिशेब चुकला नव्हता. तिथे हिशेब नव्हताच.

ही गोष्ट उमजायला चर्चलाही वेळ लागला. पहिल्या शतकांत मोठ्या पापाचे प्रायश्चित्त चारचौघांत करावे लागे, आणि ती संधी आयुष्यात एकदाच मिळे. साहजिकच पुष्कळजण ते मरणाच्या दारापर्यंत लांबणीवर टाकत. पुढे आयर्लंडच्या मठवासीयांनी खासगीत आणि पुन्हा पुन्हा करता येणाऱ्या पापनिवेदनाची रीत युरोपात नेली, मात्र त्यांच्या पुस्तकांत कोणत्या पापाला किती दिवस कोरडी भाकरी आणि पाणी, याच्या याद्या असत. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन बंधनकारक केले. सोळाव्या शतकात मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमिओ यांनी जाळीचा लाकडी कक्ष रूढ केला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, १९७३मध्ये, या संस्काराचा नवा विधी आला आणि समेट हा शब्द त्याच्या केंद्रस्थानी बसला. दार हळूहळू रुंद होत गेले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५मध्ये दयेचे खास ज्युबिली वर्ष जाहीर केले. त्याचा औपचारिक आरंभ डिसेंबरात रोममध्ये व्हायचा होता, पण पहिले पवित्र दार त्यांनी नोव्हेंबरातच उघडले, तेही यादवीने होरपळलेल्या मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या बांगी शहरात.

आणि दार रुंद करण्याचा हट्ट अनेकदा अगदी साध्या माणसांनी धरला. सिस्टर फाउस्तिना या पोलंडमधल्या शेतकरी कुटुंबातल्या, जेमतेम तीन वर्षे शाळेत गेलेल्या. मठात त्यांनी स्वयंपाक केला, बाग राखली, दारावर येणाऱ्यांची विचारपूस केली. येशूच्या हृदयातून निघणारे लाल आणि फिकट पांढरे किरण, आणि खाली त्याच्यावर भरवसा असल्याची एक ओळ, हे दिव्य दयेचे चित्र १९३४मध्ये चित्रकार काझिमिरोव्स्की यांनी त्यांच्या सांगण्यावरून रंगवले. १९३८मध्ये, वयाच्या ३३व्या वर्षी, त्या क्षयाने गेल्या. १९५९मध्ये रोमने त्यांनी सांगितलेल्या रूपातल्या या भक्तीच्या प्रसाराला मनाई केली. ती १९७८मध्ये उठली आणि २००० साली जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना संत घोषित केले. दयेचा निरोप आणणाऱ्या बाईलाही इतकी वर्षे दाराबाहेर थांबावे लागले. मला त्या चित्राखालचा ‘भरवसा’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वैयक्तिक श्रद्धा म्हणजे धर्माची सगळी कलमे पटणे, असे मी समजत होतो. पोहता न येणारे पोर पाण्यात बापाच्या हातांवर अंग सैल सोडते, श्रद्धा त्याच्या जवळची आहे.

पण अंग सैल सोडणे एवढ्यावर श्रद्धा थांबली तर ती आपल्यापुरती राहते. मिळालेली दया पुढे द्यायची वेळ येते तेव्हा तिचा कस लागतो. हे मला केरळातल्या एका आईने शिकवले.

सिस्टर राणी मारिया मूळच्या एर्नाकुलम जिल्ह्यातल्या पुल्लुवळी गावच्या. मध्य प्रदेशातल्या उदयनगर भागात त्या आदिवासी आणि भूमिहीन मजुरांमध्ये काम करत, सावकारी पाशातून सुटायला त्यांना संघटित करत. ज्यांचे हितसंबंध दुखावले त्यांनी समंदर सिंग नावाच्या तरुणाला पुढे केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, त्याने सिस्टरवर चाकूचे वार केले. त्या ४१ वर्षांच्या होत्या. त्याला जन्मठेप झाली. पुढे स्वामी सदानंद हे धर्मगुरू तुरुंगात जाऊन त्याला भेटू लागले. २००२मध्ये राणी मारियांची सख्खी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि तिने आपल्या बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर राखी बांधली. त्याची लवकर सुटका व्हावी म्हणून कुटुंबाने आणि चर्चने अर्ज केले, आणि २००६मध्ये तो सुटला. नंतर तो पुल्लुवळीला गेला. तिथे त्या आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. आपल्या लेकीचे रक्त त्या हातांना लागले होते, म्हणून.

ज्या पोटातून तिने मुलीला जन्म दिला, त्याच पोटात तिने त्या मुलीच्या खुन्याचा अपराध घातला. आपल्या मराठी शब्दप्रयोगाचा याहून मोठा अर्थ मला माहीत नाही. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरमध्ये राणी मारियांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले. माझ्या मनात मात्र त्या सोहळ्याच्या आधी ती राखी येते. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या ग्रंथांत राखी नाही, पण दया ज्या देशात उतरते त्या देशाचा धागा हाती घेते.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. समंदर सिंगला क्षमा मिळाली ती तुरुंगात, न्यायालयाने शिक्षा दिल्यानंतर. आणि ती दिली ज्यांचे माणूस गेले त्यांनी. हे विसरले की दयेचा शब्द फार घातक होतो. मुलांवर अत्याचार करणाऱ्या धर्मगुरूंना चर्चमधल्या अधिकाऱ्यांनी अनेक देशांत वर्षानुवर्षे पाठीशी घातले, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवले, आणि त्यालाही काहींनी दयेचे नाव दिले. ती दया नव्हती. ज्याच्यावर घाव झाला त्याच्या वतीने तिसऱ्याने क्षमा वाटणे ही चोरी आहे. पोटात घालणे आणि पाठीशी घालणे यांत आपली भाषा फरक करते, तो आपणही केला पाहिजे. अत्याचाराच्या तक्रारी दडपता येऊ नयेत म्हणून २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी जगभरच्या धर्मप्रांतांसाठी नियम केले. मी ते नियम दयेच्याच बाजूचे मानतो, कारण देवाची दया आधी जखमी माणसाकडे धावते.

उधळ्या मुलाच्या गोष्टीत आणखी एक मुलगा आहे. थोरला. तो घर सोडून गेला नाही, राबला, आज्ञा मोडली नाही. धाकट्यासाठी मेजवानी चाललेली पाहून तो अंगणात रागावून उभा राहतो, आणि बाप त्यालाही समजवायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे येशूने सांगितलेच नाही. नेमाने चर्चला जाणाऱ्या माझ्यासारख्यासाठी ती जागा रिकामी ठेवली असावी.

आमच्या घराण्यात एका वाडीच्या बांधावरून भाऊबंदकी आहे. थोरल्या चुलतभावाशी मी अकरा वर्षे बोललो नव्हतो. रविवारी दोघेही एकाच चर्चमध्ये, एकमेकांकडे न बघता, ख्रिस्तप्रसाद घ्यायचो. प्रत्येक पापनिवेदनात मी रागाची कबुली द्यायचो आणि बाहेर पडल्यावर तो राग पुन्हा उचलून घरी आणायचो.

२ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही दफनभूमीत जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर फुले वाहतो, मेणबत्त्या लावतो. दिवाळीच्या आगेमागेच येतो हा दिवस. गेल्या वर्षी आजीच्या कबरीपाशी मी मेणबत्ती लावत होतो आणि वारा ती टिकू देत नव्हता. काडेपेटी संपली. शेजारून एक हात पुढे आला, त्यात पेटती मेणबत्ती होती आणि ज्योतीभोवती दुसऱ्या हाताचा आडोसा होता. हात दादाचा होता. आजी त्याचीही होती. मी माझी वात त्याच्या ज्योतीला लावली.

दादा म्हणाला, “चहाला ये.”

मी गेलो. बांधाचा दावा अजून चालू आहे, जो निकाल लागेल तो आम्ही दोघे मान्य करू. पण त्या संध्याकाळी क्षमा मागण्याचे माझे वाक्य तोंडातच राहिले. अकरा वर्षे मी ते जुळवत होतो. त्याने ते पुरे होण्याची वाट पाहिली नाही, कप माझ्यापुढे सरकवला आणि साखर बरोबर आहे ना, एवढेच विचारले.