तोंड हलतंय का बघ

सांगोला, बुधवार

चिरंजीवास,

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितोय. डाळिंबाची बाग काढून शेड टाकलंस, पंचवीस उस्मानाबादी आणल्यास, बरं केलंस. पण परवा म्हणालास की पल्व्हरायझर घेतलाय. कडबा, मका, तुरीचं भुसकट सगळं एकत्र भुकटी करून गव्हाणीत घालतोय आणि काडी वाया जात नाही. काडी वाचली खरी. शेळीचं काय?

तुझी अडचण खोटी नाही. मालदांडीचा अख्खा कडबा टाकला की शेरडं पानं ओरबाडतात आणि धांडा पायाखाली घालतात. एकदा तुडवलेल्या वैरणीला ती परत तोंड लावत नाहीत. भारी शिष्ट जात. तेव्हा कुट्टी करावीच. बोटाच्या पेराएवढा तुकडा पडला की निवडानिवडीला वाव राहत नाही. पण कुट्टी वेगळी आणि पीठ वेगळं.

शेळीच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, पाण्यावर काड्यांची गादी तरंगत असते. तिची टोकं पोटाच्या भिंतीला टोचली की खाल्लेलं परत वर येतं. दुपारी शेळी निंबाखाली बसली की तिच्या गळ्याकडं बघ. एक गोळा खालून सरसर वर चढतो, जबडा आडवा फिरायला लागतो, मिनिटभरानं गोळा गिळला जातो आणि लगेच दुसरा चढतो. या चघळण्यात लाळ सुटते, दिवसाकाठी काही लिटर. लाळेत आपला खायचा सोडाच असतो म्हण ना. धान्य आंबून पोटात जे आम्ल होतं ते तो मारतो. पिठाची गादी होत नाही. ते बुडाशी बसतं, भराभर पुढं सरकतं. टोचणारं काही नाही म्हणून रवंथ नाही, रवंथ नाही म्हणून लाळ नाही, आणि आम्ल मात्र जास्त वेगानं, कारण बारीक दळलेलं धान्य जंतूंना आयतं सापडतं. दुधातली स्निग्धता उतरते तीही यामुळंच. ती बरीचशी वैरण आंबून होणाऱ्या आम्लावर चालते.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. नोकरीला लागायच्या आधी आमच्या एका शेळीला जुळी झाली. दूध वाढावं म्हणून मी गिरणीतनं मका बारीक दळून आणला आणि दोन वेळा भरपूर घातला. तिसऱ्या दिवशी ती दावणीला मान खाली घालून उभी, दात करकर वाजवत. कुशीवर मूठ दाबली तर आत पाणी डुचमळल्यासारखं लागलं. लेंड्यांऐवजी पातळ, आंबट वासाचं पडत होतं. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली. दोन्ही करडं तुझ्या आजीनं बाटलीवर वाढवली आणि महिनाभर माझ्याशी सरळ बोलली नाही.

ती का गेली याचं कोडं पुढं नोकरीत, एका शिबिरात, सुटलं. डेव्हिड मर्टेन्स नावाच्या अमेरिकी शास्त्रज्ञानं 1997 साली गाईंसाठी हिशेब मांडला होता: चाऱ्यात तंतू किती एवढंच बघू नका, चाळणीवर राहतो किती ते बघा. भोक 1.18 मिलिमीटरचं. त्यातनं गळून जातं ते प्रयोगशाळेच्या कागदावर तंतूच असतं, पण जनावराला चघळायला लावत नाही. हिशेब गाईचा, पण तुझी भुकटी त्या चाळणीतनं सगळीच्या सगळी खाली जाईल.

धान्याची तर गंमतच आहे. शेळी मका किंवा ज्वारी अख्खी दिली तरी नीट चावते. तिला दळणाची गरजच नाही. फार तर जाडसर भरड. मोठ्या शेळीला खुराक दिवसाला पाव किलोच्या आसपास, एकदम नाही, दोन वेळा वाटून, आणि आधी वैरण. खुराक वाढवायचाच तर आठवड्या-दोन आठवड्यांत हळूहळू. एकदम वाढवला की आंत्रविषारही गाठतो, म्हणून ती लस पावसाळ्याआधी चुकवू नकोस. बकरी ईदसाठी ठेवलेल्या बोकडांना धान्य कोंबलंस तर मूतखड्याची पाळी येईल. आणि बांधावरच्या बाभळीच्या, बोरीच्या फांद्या तोडून शेडात टांगत जा. मान वर करून ओरबाडणं ही शेळीची खरी चाल. जमिनीवरचं खाणं ती नाइलाजानं करते, असं मला तरी वाटतं.

यंत्र मोडीत काढू नकोस. आतली चाळणी काढून मोठ्या भोकाची बसव आणि फक्त मका भरडायला ठेव. कडब्याला कुट्टी यंत्र वेगळं. मात्र आजच सगळं उलटं करू नकोस. भुकटी रोज थोडी कमी, कुट्टी थोडी जास्त.

रविवारी मी जनावरांच्या बाजाराला येणार आहे, तिथनं तुझ्याकडं. तोवर रोज दुपारी दोन वाजता शेडात जा, आवाज करू नकोस, आणि बसलेल्या शेळ्यांपैकी किती तोंडं हलतायत ते मोज. निम्म्याहून कमी भरली तर रविवारची वाट बघू नकोस, त्याच दिवशी फोन कर. जोरात बोल.

तुझा,
आबा