आहे तो रंग

आमच्या सुमीचा फोटो काढायचा ठरला, तेव्हा अडचण फोटोची नव्हती, रंगाची होती. मुलगी चारचौघींत उठून दिसणारी, पण सावळी. हा शब्द विठोबाला लावला की भक्ती होते, लग्नाच्या मुलीला लावला की काळजी! मागं एका स्टुडिओवाल्यानं तिला इतकी गोरी केली, की बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहाचा ट्रे धरलेल्या सुमीलाच विचारलं, "मुलगी कुठाय?"

म्हणून या खेपेला भाच्याला बोलावलं. त्यानं आधी सुमीच्या हातात एक करडं कार्ड देऊन फोटो काढला. म्हणाला, "मामा, कॅमेऱ्यातली कच्ची फाईल म्हणजे फोटो नव्हे, नुसती प्रकाशाची मोजमापं. प्रत्येक टिपक्यावर लाल, हिरवी नाहीतर निळी अशी एकच गाळणी. बाकीचे दोन रंग शेजारच्या टिपक्यांवरनं अंदाजानं भरायचे."

ही युक्ती कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, १९७६ च्या पेटंटातली. शेजाऱ्यांना विचारून स्वतःचं मत ठरवायचं, म्हणजे कॅमेराही आमच्यासारखा मध्यमवर्गीयच! मग फाईल पक्की करताना करड्या कार्डाला करडं म्हणायचं, की दिव्याचा पिवळेपणा जाऊन सगळे रंग जाग्यावर येतात.

"शेवटी अंदाजच ना? मग जरा गोरा अंदाज कर की!" मी म्हणालो.

सुमी शांतपणे म्हणाली, "बाबा, त्या पुठ्ठ्याचा रंग बिघडू नये म्हणून एवढी धडपड, आणि माझाच तेवढा बिघडवायचा?"

रात्री झोप येईना. आमच्या कोल्हापुरात १९२९ साली सुरू झालेल्या प्रभातनं १९३३ मध्ये 'सैरंध्री' रंगीत काढला, छपाईला थेट जर्मनीला धाडला, तरी रंग मनासारखे उतरले नाहीत. आणि सैरंध्री म्हणजे कोण? अज्ञातवासातली द्रौपदी, जिचं दुसरं नाव कृष्णा. म्हणजे सावळीच! तिचं स्वयंवर फोटोवाचून पार पडलं, हे बरंच झालं. पण प्रभातवाल्यांचे रंग चुकले ते खरा रंग शोधताना. अंदाज त्यांचाही होता, माझाही होता. मी मात्र खरा रंग ठाऊक असून तो लपवायला निघालो होतो.

सकाळी फोटो आहे त्या रंगात पाठवला. भाचा निघताना मी हळूच म्हटलं, "माझाही एक काढ. केस तेवढे काळे कर."

"राहू दे, मामा," तो म्हणाला, "एखाद्या दिवशी कार्ड विसरलो, तर तुमचं डोकं उपयोगी पडेल!"